पाटील : हुद्दा, मान की आडनाव? पाटीलकीखालचं मूळ आडनाव इथे सांगा

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी. आम्ही वाळवा तालुक्यातले पाटील. मूळ आडनाव पवार. हे मूळ आडनाव आजोबांच्या पिढीत सगळ्यांना तोंडपाठ होतं, वडिलांच्या पिढीत निम्म्या लोकांना, आणि आता चुलतभावांच्या पोरांना विचारलं तर ती म्हणतात पाटीलच की, अजून काय असणार. म्हणून हा धागा काढतोय.

माझं म्हणणं साधं आहे. पाटील ही जात नाही, कूळ नाही, घराणंही नाही. ते एक काम होतं. गावचा सारा वसूल करायचा, पडीक जमिनीला कुळं बसवायची, चोरीमारीचा बंदोबस्त ठेवायचा, तंटा झाला की चावडीवर बसून मिटवायचा आणि सरकारात गावाच्या वतीने उभं राहायचं. ज्या घराण्याकडे हे काम वतन म्हणून आलं त्यांना पाटील म्हणायला लागले. मग ते घराणं मराठा असो, लिंगायत असो, जैन असो, आगरी, कोळी, माळी, धनगर, मुसलमान कोणीही असो. म्हणून नुसतं "पाटील" ऐकून समोरच्याची जात ओळखायला जाणारे लोक बघितले की मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या शब्दाचा तो अर्थच नाही.

आमच्याच तालुक्यातलं उदाहरण घ्या. येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील, साताऱ्याचं प्रतिसरकार ज्यांनी उभं केलं ते, त्यांचं मूळ आडनाव पिसाळ. आणि रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर भाऊराव पाटील जैन. दोघंही आज आपल्या डोक्यात फक्त पाटील म्हणूनच आहेत.

तर ज्यांचं आडनाव पाटील आहे, किंवा माहेर-सासर पाटलांकडचं आहे, त्यांनी मूळ आडनाव काय, कुठल्या भागातले आणि ते तुम्हाला कुठून कळलं एवढं लिहा. माहिती नसेल तर शोधायचं कसं तेही बोलूया.

मोडीवेडा

छान विषय काढलात दादा. मी हौस म्हणून जुने मोडी कागद वाचतो त्यामुळे थोडं लांबलचक लिहितो, सांभाळून घ्या.

शब्द खूप जुना आहे. माळव्याच्या परमार राजांचे ताम्रपट आहेत, भोजाचे वगैरे, अकराव्या शतकातले. दान दिलेल्या गावच्या लोकांना राजा जी आज्ञा करतो त्यात राजपुरुष, ब्राह्मण, रहिवासी यांच्याबरोबर "पट्टकिल" येतो. तोच पुढे घासत घासत पाटील झाला, आणि गुजरातेत गेला तो पटेल. मधल्या फार्सी अमदानीत त्याच माणसाला मोकदम म्हणायचे, जुन्या कागदांत "मोकदम मौजे अमुक" असं असतं तो आपला पाटीलच.

आता तुमच्या मुद्द्याला धरून. शिवाजी महाराजांचं रांझे गावच्या पाटलाबद्दलचं पत्र सगळ्यांना माहीत असतं. त्या पाटलाने बदअमल, म्हणजे गैरवर्तन, केला म्हणून महाराजांनी त्याचे हातपाय तोडायची शिक्षा दिली. पण त्या माणसाचं नाव बघा, बाबाजी बिन भिकाजी गुजर. आडनाव गुजर, काम पाटील. आणि त्याला काढल्यावर पाटीलकी गेली ती त्याच्याच भाऊबंदातल्या सोनजी गुजराकडे. म्हणजे त्या काळी हुद्दा वेगळा आणि आडनाव वेगळं हे अगदी लख्ख होतं. भोसल्यांकडे वेरूळची पाटीलकी होती, शिंद्यांकडे कण्हेरखेडची, पण ते भोसले आणि शिंदेच राहिले. महादजी शिंदे तर दिल्लीच्या बादशाहीचा कारभार हातात असतानाही पाटीलबावा म्हणवून घेण्यात धन्यता मानायचे.

कागदावर पाटलाची सही नसायची, निशाणी असायची. नांगर. नावाच्या शेजारी छोटासा नांगर काढलेला असतो, कधी दोन रेघांचा, कधी छान रुमणं-फाळ दाखवून. लिहिणं-वाचणं कुलकर्ण्याचं काम, म्हणून कुलकर्ण्याच्या हातचा मजकूर आणि खाली पाटलाचा नांगर अशी ती जोडी. ज्यांच्या घरी जुने कागद आहेत त्यांनी आधी नांगर शोधा, त्याच्या आजूबाजूला मूळ आडनाव सापडायची शक्यता फार असते.

उरणची_लेक

आमच्या इथे तर मूळ आडनावच नाही सापडत कोणाला! आम्ही आगरी. उरण, पनवेल, पेण, अलिबाग, इकडे ठाण्यापर्यंत, प्रत्येक गावात पाटील, म्हात्रे, ठाकूर, घरत, भोईर हीच आडनावं फिरून फिरून. आमच्या गावात निम्मं गाव पाटील आणि उरलेलं म्हात्रे म्हटलं तरी चालेल.

मग ओळख कशी ठेवायची तर घराण्याला नाव असतं. कोणा आजोबाच्या नावाने, कोणा आजीच्या नावाने, घर जिथे आहे त्या जागेवरून. माझ्या बाबांना नुसतं पाटील म्हणून कोणीच हाक मारत नाही, आमच्या पणजीच्या नावाने आमचं घर ओळखतात आणि लग्नपत्रिकेत सुद्धा कंसात ते नाव छापतात नाहीतर माणसं भलत्याच मांडवात जातील. सातबारा आणि जमिनीच्या मोबदल्याच्या कागदांत तर याचा फार त्रास झालेला आहे, एकाच गावात नाव, बापाचं नाव आणि आडनाव तिन्ही सारखे असलेले दोन माणसं, आणि नोटीस एकाची दुसऱ्याच्या घरी. सिडकोच्या जमिनीच्या लढ्यात हे सगळं आमच्या वडीलधाऱ्यांनी भोगलंय. तो लढा ज्यांनी उभा केला ते जासईचे दि. बा. पाटील पण आमच्यातलेच, आगरी. १९८४ चं आंदोलन अजून इकडे घरोघरी सांगतात.

आणि म्हात्रे पण तेच हो! महत्तर म्हणजे गावातला मोठा माणूस, त्यावरून म्हात्रे असं सांगतात. म्हणजे आमच्या गावात शेजारीशेजारी दोन आडनावं आणि दोन्हींचा अर्थ गावप्रमुखच.

मोडीवेडा

@उरणची_लेक, बरोबर, महत्तर हा शब्द जुन्या शिलालेखांत-ताम्रपटांत भरपूर येतो. तुमच्या घराण्याची ती जी नावं आहेत ना, तीच खरी वंशावळ आहे. कोणीतरी बसून लिहून काढा.

तापीकाठ

कृष्णाकाठच्या दादांशी ९० टक्के सहमत, पण आमच्याकडे एक गोष्ट वेगळी आहे ती सांगतो. मी जळगाव जिल्ह्यातला, लेवा पाटीदार. आमच्यात राणे, भंगाळे, झोपे, नारखेडे, नेमाडे अशी ढीगभर आडनावं आहेत आणि त्यातल्याच कितीतरी घरांनी पाटील किंवा चौधरी लावलं. सख्ख्या भावांत एक पाटील आणि एक मूळ आडनाव असंही बघितलंय. पण आमच्या समाजाचं नावच लेवा पाटील, लेवा पाटीदार असं पडलंय. म्हणजे हुद्दा होता तो आमच्याकडे समाजाची ओळख झाला. म्हणून "पाटील ही जात नाही" हे सरसकट म्हणताना खान्देशासाठी थोडी जागा ठेवा.

शिवाय खान्देशात गुजर पाटील आहेत, मराठा पाटील आहेत, राजपूत पाटील आहेत. माजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील जळगावच्या. त्यांचं घराणं राजपूत, सोळंकी. यजमानांचं आडनाव शेखावत. २००७ ते २०१२ राष्ट्रपती भवनात जे आडनाव होतं ते माहेरच्या पाटीलकीचं होतं. माझ्या आईला याचा केवढा अभिमान, की बाई लग्नानंतर पण पाटीलच राहिली.

गोदाकाठ

परभणी जिल्हा. आमच्या मराठवाड्यात पाटील आडनावाच्या जागी कमी आणि मधे जास्त. म्हणजे नाव, मग पाटील, मग आडनाव. शिवाजीराव पाटील निलंगेकर हे माजी मुख्यमंत्र्यांचं नाव घ्या. लग्नपत्रिकेत तर सगळे सोयरे "अमुक पाटील तमुककर" असेच. नगरकडे उलटं, आधी आडनाव मग पाटील, विखे पाटील, आणि तिकडे अकलूजला मोहिते पाटील, आंबेगावला वळसे पाटील. मला वाटतं या पद्धतीत मूळ आडनाव आपोआप टिकलं, तुमच्या सांगली-कोल्हापूरकडे ते गेलं.

अजून एक, जे पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगून पटत नाही. निजामाच्या राज्यात एका गावात दोन पाटील असायचे. एक पोलीस पाटील आणि एक माली पाटील. माली म्हणजे माळी नाही! माल म्हणजे महसूल, त्यावरून माली. साऱ्याचं काम माली पाटलाकडे, बंदोबस्ताचं पोलीस पाटलाकडे. आमचे आजोबा माली पाटील होते आणि शहरात आल्यावर वडिलांना कॉलेजात कारकुनाने सरळ विचारलं की माळी की पाटील, एकच काहीतरी लिहा. त्यांनी शेवटी नुसतं पाटील लिहिलं, आणि माली गेलं ते गेलंच.

कलबुर्गीची_शैलजा

गोदाकाठ दादा, आमच्याकडे मालीपाटील हे चक्क आडनाव आहे, जोडून लिहितात! आणि पोलीस पाटील सुद्धा आडनाव आहे. माझ्या वर्गात एक होती, तिच्या घरात कोणीच पोलिसात नव्हतं.

मी मूळची कलबुर्गीची, लिंगायत, लग्न होऊन सोलापुरात आले. उत्तर कर्नाटकात पाटील खूप. वीरेंद्र पाटील दोनदा मुख्यमंत्री होते, ते आमच्या भागातलेच. आमच्या कन्नडमध्ये गावच्या प्रमुखाला गौडा म्हणतात, म्हणून पुरुषांच्या नावाला शेवटी गौडा लागतं आणि वर आडनाव पाटील. बसनगौडा पाटील, शिवनगौडा पाटील. कन्नडमधला प्रमुख नावात आणि मराठीतला आडनावात. सोलापुरात सासरी आल्यावर सगळ्यांनी धरून चाललं की मी मराठा. मी मराठी बोलत होते त्यामुळे तर अजूनच. एका काकूंनी देवक विचारलं, मी म्हटलं काकू आमच्यात देवक नसतं, आम्ही लिंगायत. त्या म्हणाल्या अगं पण पाटील ना तू. मग बसून सगळं सांगितलं, त्यांनाही आवडलं ऐकून.

चावडीबाहेर

सगळं वाचतोय, माहिती चांगली आहे. पण एक बाजू कोणीच लिहिली नाही म्हणून लिहितो.

पाटीलकीबद्दल बोलताना मान, वाडा, गढी, पोळ्याला पहिला बैल, होळीची पहिली पोळी हे सगळं येतं. त्याच गावगाड्यात आमचंही वतन होतं, महारकी. पाटलाच्या चावडीवर हजर राहायचं, सरकारी टपाल गावोगाव पोचवायचं, वेशीवर राखण करायची, मेलेलं ढोर ओढायचं, रात्री-अपरात्री बोलावलं की जायचं, आणि बदल्यात थोडी जमीन नि दारोदार मागून आणलेली भाकरी. पाटलाचं वतन म्हणजे हुकूम आणि आमचं वतन म्हणजे राबणूक, पण कायद्याच्या पुस्तकात दोन्हीला एकच शब्द होता, वतन. बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कौन्सिलात त्या १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचं बिल मांडलं होतं, महार वतनदारांची यातून सुटका व्हावी म्हणून. ती वतनं कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९५८ च्या कायद्याने.

म्हणून मूळ आडनाव शोधा, जरूर शोधा, पण कागद वाचताना नांगराच्या खाली बाकीच्या बलुतेदारांच्या निशाण्या असतात त्याही वाचा. त्या घरांची नावं तर कुठेच राहिली नाहीत. आमच्यात कितीतरी जणांनी गावावरून आडनावं घेतली, माझ्या घरचं पण तसंच आहे, कारण त्या आधी कागदावर नाव आणि जात एवढंच असायचं.

कृष्णाकाठचा

@चावडीबाहेर, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. हे या धाग्यात हवंच होतं. आमच्या घरच्या एका जुन्या महजराच्या (गावसभेतल्या निवाड्याच्या) कागदावर पाटील, चौगुला, कुलकर्णी आणि मग सुतार, लोहार, चांभार, महार अशी क्रमाने सगळी नावं आहेत. आजपर्यंत आम्ही फक्त वरची ओळ एकमेकांना दाखवत आलो. पुढच्या वेळी गावी गेलो की पूर्ण कागदाचे फोटो काढून इथे टाकतो, मोडीवेडा यांनी वाचून द्यावा ही विनंती.

मोडीवेडा

नक्की टाका. फोटो सरळ वरून काढा, फ्लॅश नको, आणि कागद घड्यांवर दाबून सपाट करू नका, तुटतो.

सासर_पाटील

मला एक भाबडा प्रश्न. पाटलांचा की पाटीलांचा? ऑफिसात माझ्या मेलमध्ये एकाने दुरुस्ती करून पाटीलांचा केलं.

मराठीची_मास्तरीण

पाटलांचा. पाटील, पाटलाला, पाटलांनी, पाटलीण. शेवटून दुसरा ई विभक्ती लागताना जातो. आडनाव झालं म्हणून वेगळा नियम नाही, बोलताना सगळे "पाटलांच्यात जेवण आहे" असंच म्हणतात. पेपरवाले "पाटील यांनी" लिहून सुटका करून घेतात, तेही चालतं. "पाटीलांनी" मात्र कानाला खटकतं.

वऱ्हाडकर

आमच्या अमरावती-अकोल्याकडे पाटील हे हाक मारायचंही नाव आहे. का हो पाटील, बसा पाटील, पाणी प्या पाटील. समोरच्याकडे पाटीलकी होती का नव्हती काही संबंध नाही, चार एकरवाला शेतकरी असला तरी पाटील. माझे आजेसासरे कुणबी, आडनाव वेगळंच, गावात कोणी त्यांना आडनावाने ओळखत नव्हतं, पाटील म्हटलं की तेच. गेल्यावर त्यांच्या तेरवीच्या पत्रिकेत मुलांनी नावाला पाटील जोडलं आणि नातवंडांच्या शाळेच्या दाखल्यात आता तेच आलंय. असंही आडनाव तयार होतं, डोळ्यादेखत.

देशमुखांचं पण आमच्याकडे तसंच आहे. डॉ. पंजाबराव देशमुख, त्यांचं मूळ आडनाव कदम होतं.

एक_पोलीस_पाटील

मी स्वतः सध्या पोलीस पाटील आहे, सातारा जिल्हा. आडनाव पाटील नाही! हे सांगायलाच आलो.

वंशपरंपरेची महसुली पाटीलकी १९६२ च्या कायद्याने बंद झाली, १ जानेवारी १९६३ पासून. त्यानंतर गावपातळीवर उरला तो पोलीस पाटील, तो १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने. आता जाहिरात निघते, लेखी परीक्षा असते, मुलाखत असते, किमान दहावी पास लागतं, प्रांत साहेब नेमणूक देतात, मानधन मिळतं. आरक्षण असतं, बायका पण पोलीस पाटील आहेत, आमच्या शेजारच्या गावात ताईच आहेत आणि काम झकास करतात. गावात अनोळखी मृतदेह सापडला, मारामारी झाली, पूर आला, यात्रा आहे, पहिला फोन आम्हालाच. म्हणजे काम चालू आहे, फक्त ते आडनावाकडून सुटलं. लोक अजून विचारतात, पाटील नसताना तुम्ही पाटील कसे. मी त्यांना म्हणतो, सुरुवातीला सगळे असेच झाले असतील.

न्यूजर्सीकर

इथे आमच्या भागात गुजराती पटेल इतके आहेत की मी पाटील म्हणून ओळख करून दिली की समोरचा पटेलच ऐकतो आणि कुठल्या मोटेलचे असं विचारतो. मी आता समजावून सांगतो की शब्द एकच आहे, गावही बहुतेक तसंच असेल, फक्त नर्मदेच्या अलीकडे आणि पलीकडे. माझ्या मुलीने शाळेच्या प्रोजेक्टला घराण्याचा वृक्ष काढायला घेतला आणि चौथ्या पिढीवर अडकली. मूळ आडनाव मला माहीत नाही. गाव कोल्हापूर जिल्ह्यात, कागल तालुका. घरी आता कोणी म्हातारं माणूस उरलेलं नाही. शोधायचं कसं हे कोणी नीट सांगेल का?

कृष्णाकाठचा

दादा, कागलचे असाल तर तुमचं काम सोपं आहे. तुमच्या भागात हेळवी येतात. आमच्याकडेही येतात. सुगी झाल्यावर बैल घेऊन यायचे, आता गाडीवर येतात, आणि तुमच्या घराण्याची वंशावळ त्यांच्या वहीत असते. दारात बसून वाचून दाखवतात, मूळ गाव कुठलं, तिथून का उठले, कोणाला किती मुलं, मूळ आडनाव काय. पिढ्यानपिढ्या त्यांचं हेच काम आहे. आमचं पवार पक्कं झालं ते हेळव्याच्या वहीवरूनच. प्रत्येक घराण्याचा हेळवी ठरलेला असतो, गावातल्या भाऊबंदांना फोन करून विचारा आमचा हेळवी कोण, नंबर मिळेल. ते आले की दक्षिणा, धान्य मनापासून द्या आणि या पिढीतली नावं, मुलींची सुद्धा, लिहून घ्यायला सांगा.

दुसरं, तीर्थक्षेत्राचे उपाध्ये. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया. पूर्वज तिथे गेले असतील तर गावाच्या नावाने लावलेल्या वह्यांमध्ये त्यांच्या हातची किंवा सांगून लिहिलेली नोंद असते, आणि तिथे बऱ्याचदा "पवार पाटील मौजे अमुक" असं दोन्ही लिहिलेलं मिळतं.

तिसरं, घरचं देवक आणि कुलदैवत. लग्नात कशाची पालवी बांधतात ते आत्याला, चुलत आजीला विचारा. देवकावरून एकदम आडनाव निघत नाही पण चार शक्यता उरतात. आमच्याकडे सोयरीक जमवताना पाटलांनी पाटलांकडे विचारायचा पहिला प्रश्न हाच असतो, मूळचे कोण आणि देवक काय, कारण वरून दोघं पाटील असले तरी खाली कूळ एक निघालं तर लग्न होत नाही.

मोडीवेडा

याला जोडून. शाळेची जुनी जनरल रजिस्टरं, जन्ममृत्यूच्या नोंदी, आणि तहसीलच्या रेकॉर्ड रूममधली जुनी हक्काची पत्रकं. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायला लोकांनी हीच दफ्तरं उपसली, त्यात कितीतरी घरांना मूळ आडनावही सापडलं. कोल्हापूरला पुराभिलेखागार आहे, संस्थानची कागदपत्रं तिथे आहेत. गावाचं जुनं नाव, तर्फ आणि पेटा (जुने महसुली विभाग) माहीत असेल तर काम फार लवकर होतं.

शोधताना एक लक्षात ठेवा. पाटीलकी विकली जायची, निम्मी विकली जायची. दुष्काळात घराणं बुडालं, सारा थकला, की निम्मी पाटीलकी दुसऱ्याला, आणि मग खरेदीखतात कोणाचा मान आधी, कोणाचा नांगर डावीकडे हे सगळं लिहिलेलं. म्हणून एका गावात दोन पाटील घराणी आणि दोघांची मूळ आडनावं वेगळी असं हमखास असतं. शेजारच्या पाटलाचं आडनाव मिळालं म्हणून तेच आपलं समजू नका.

न्यूजर्सीकर

केवढी माहिती दिलीत! चुलतभावाला आत्ताच फोन केला. हेळवी येतो म्हणाला, दिवाळीनंतर येईल. व्हिडिओ कॉल लावून मुलीला ऐकवणार आहे. देवक मात्र त्याला पाठ होतं, कळंब.

मोडीवेडा

कळंब म्हणजे कदंब. हे देवक असलेली बरीच घराणी आहेत. हेळव्याला पहिल्यांदा मूळ गाव विचारा, आडनाव नंतर.